अबला

तिकडं शिक्षिकेला 'अबला' म्हणतात.
पहिल्याच दिवशी चाळीस मुली उभ्या राहून ओरडल्या,
अबला! अबला!
बाणकोटच्या मराठी शाळेत
समानार्थी शब्द घोकून मोठी झालेली मी
खडू हातात धरून लालबुंद.
लिसियम्मानं स्टाफरूममध्ये अर्थ सांगितला
आणि हसता हसता तिच्या डब्यातली पिकल्या केळ्याची भजी
माझ्या कुर्त्यावर सांडली.
तेलाचा डाग कुर्त्याबरोबर गेला.
नाव सतरा वर्षं टिकलं.

निरोप घ्यायला तिथं फॉर्म असतो.
आठ सह्या लागतात.
प्रयोगशाळा: काही येणे नाही.
बस: काही येणे नाही.
भांडार: एक नकाशा, दोन डस्टर, जमा.
मुख्याध्यापिका इखलासबाई, सूदानच्या, हिशेबाला पक्क्या,
त्यांनी चाव्या मोजून घेतल्या, पुन्हा मोजल्या,
तिसऱ्यांदा मोजताना त्यांचा चष्मा धुरकटला
आणि चार चाव्यांच्या पाच भरल्या.

ग्रंथपाल हमदाननं जाडं रजिस्टर उघडून बोट ठेवलं.
भरती-ओहोटीच्या वेळांचं पुस्तक, निळं, जुनं.
पुस्तक नाही तर सही नाही, म्हणाला,
सही नाही तर विमान नाही,
आणि चहा मागवला.
तो एक चहा आम्ही तासभर प्यायलो.
मग त्यानं सही केली. शेरा लिहिला:
येणे बाकी.

वर्गात मात्र मला जमलं नाही.
भाषण पाठ होतं. तास संपायला अकरा मिनिटं होती.
पुढच्या बाकावर सुरय्या आधीच नाक ओढत होती.
मी फळ्याकडं वळले आणि गृहपाठ दिला:
घरच्या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत किती पावलं?
भरतीला मोजा. ओहोटीला मोजा. फरक काढा.
रीमनं हात वर केला. डोंगरातल्या वाडीवरून येते ती.
अबला, आमच्याकडं समुद्रच नाही.
मग तुला जास्त चालावं लागेल, म्हटलं.
कधी तपासणार?
रविवारी.
गुरुवार होता तो. शनिवारी माझं विमान.
त्यांना माहीत होतं.
तरी सगळ्यांनी माना खाली घालून वहीत लिहिलं,
रविवार.

आता बाणकोटात, भावाच्या घरी,
पहाटे मतलई वारा सुटतो.
तो मी फळ्यावर बाणांनी दाखवायचे,
जमिनीकडून पाण्याकडं.
बाणाच्या पुढं काय, ते अभ्यासक्रमात नव्हतं.
सोडे निवडता निवडता भावजय विचारते,
मरियमबी, ती दुसरी बॅग कधी उघडायची?
उघडली.
स्वेटरच्या घडीत निळं पुस्तक.
हमदानला ठाऊक असणार, असं आता वाटतं.
त्यात बाणकोट नाही.
मुंबईच्या वेळेवरून अंदाज काढावा लागतो.

काल अंदाज काढला आणि उंबऱ्यातून निघाले.
सुकत घातलेल्या जाळ्यांना वळसा घालून,
मशिदीच्या मागनं, जेटीच्या बाजूनं.
फेरीवरचा तौफिक ओरडला,
फुफी, बागमांडल्याला यायचंय काय?
आकडा चुकेल म्हणून बोलले नाही, नुसता हात हलवला.
तो समजला, म्हातारी रुसली.
भरतीला दोनशे बारा.
दुपारनंतर परत गेले.
सावित्रीच्या तोंडाशी गाळ. एक चप्पल रुतली, तिथंच ठेवली.
तीनशे सदुसष्टला थांबले
तेव्हा पाणी अजून मागंच सरकत होतं,
आणि पलीकडं कुठंतरी, अंधार पडायच्या आत,
एक मुलगी पायरी उतरून
पहिलं पाऊल कुठलं धरायचं ते ठरवत असेल.

रविवार होता.
निळ्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
लाल पेनानं आकडे मांडले.
वजाबाकी दोनदा चुकली.
तिसऱ्यांदा बरोबर आली, पण खूण केली नाही.
रीमचं अजून मोजून व्हायचंय.